जखम भरत नाही, रात्री पाय खाली सोडून बसतो : माझा अनुभव

तुम्ही लिहिलंय, भाऊ ३४ वर्षांचा, दिवसाला एक बंडल बिडी, शुगर नॉर्मल, तरी अंगठ्याची जखम दोन महिने भरत नाही आणि रात्री तो पाय खाटेखाली सोडून बसतो. ते शेवटचं वाचून पोटात गोळा आला. मीही असाच बसायचो. पाय वर घेतला की ठणका, खाली सोडला की जरा बरं. पहाटेपर्यंत पाऊल वांग्यासारखं जांभळं.

बिडी म्हटलं की फुप्फुसाचं, कॅन्सरचं सगळे सांगतात, पायाचं कुणी सांगत नाही. मला निघाला बर्जरचा रोग. तंबाखूनं हातापायाच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळ्या होतात, बोटांपर्यंत रक्तच पोचत नाही. बहुतेक पन्नाशीच्या आतले पुरुष. डॉक्टर लिओ बर्जर यांनी न्यूयॉर्कमध्ये १९०८ साली लिहून ठेवलेला रोग, पण आमच्याकडच्या एका दवाखान्यानं (नाव घेत नाही) सात महिने ‘मणक्यात नस दबलीय’ म्हणून कमरेला पट्टा बांधला. एमआरआयचा खर्च वेगळा. पावलावर दोन बोटं ठेवून नाडी लागते का, एवढं कुणी बघितलं नाही. फुकटचं काम होतं हो ते!

पण बोट माझं मीच घालवलं. निदान झालं त्या दिवशी बिडी टाकली, खरोखर टाकली. आणि आठवड्याभरात तंबाखू मळायला लागलो. डोक्यात हिशोब असा, की वाईट तो धूर, ही तर नुसती गालात धरायची. घरात वास नाही म्हणून बायकोही खूश. डॉक्टरांनी विचारलं, “बिडी बंद?” म्हटलं, बंद. खोटं कुठं होतं! चार महिन्यांनी पायाची करंगळी काळी पडली. ड्रेसिंगला वाकलो तर खिशातली चुन्याची डबी सिस्टरच्या पायाशी पडली, तेव्हा भानगड कळली. करंगळी कापावी लागली. त्यानंतर कसलीच तंबाखू नाही, मग दुसऱ्या बोटाची जखम अडीच महिन्यांत आपली आपण भरली.

या रोगाला ‘दिवसाला दोनच’ चालत नाही, मिश्रीही नाही. निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगमसुद्धा डॉक्टरांना विचारूनच, कारण नुसत्या निकोटिननंही रोग धुमसत राहू शकतो.

मी डॉक्टर नाही, सीएनसी मशीन चालवतो. भावाचं दुसरंच काही असू शकेल. तरी माझं ऐकाल तर आणखी फेऱ्या न मारता व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचा डॉक्टर, गाठा आणि पायाचा डॉप्लर (रक्त कुठवर पोचतं ते दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. तंबाखू सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

आणि ‘बिडी सोडली’ म्हणाला, तर त्याचा खिसा तपासा.