'खरं' म्हणजे 'पण'

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

"मुंबईत ओळखीचं कुणी नाही, मग मालिकेत काम मिळेल का?" हे तू एकाच पत्रात तीनदा विचारलंस. बेळगावकडच्या खानापूरहून मी दादरला उतरले तेव्हा माझंही तिथं कुणी नव्हतं.

ऑडिशन जरूर दे. खरं त्याआधी सहा महिने असिस्टंट म्हणून कंटिन्युइटी सांभाळ, म्हणजे एका शॉटमधले कपडे, दागिने, वस्तू पुढच्या शॉटशी जुळतात ना ते बघ. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटंच उरतात, तरी रोजच्या मालिकेला तेवढा मजकूर जवळजवळ रोज शूट करावा लागतो. बारा तासांची शिफ्ट. सीन क्रमानं होत नाहीत. मास्टर, म्हणजे सगळा सीन एकत्र दिसणारा शॉट, सकाळी, नायिकेचा क्लोज, म्हणजे जवळून चेहऱ्याचा, दुपारी आणि सासूची तारीख मिळेल तेव्हा सासूचा. तिसऱ्याच दिवशी माझी फजिती झाली. मास्टरमध्ये मंगळसूत्र पदरावर होतं, क्लोजमध्ये ते पदराखाली गेलं. मी पाहिलंच नाही. मॉनिटरपाशी कुणाच्या तरी लक्षात आलं, तोवर लायटिंग बदललं होतं. सगळं परत लावायला पाऊण तास गेला. कुणी ओरडलं नाही, फक्त लाइटदादांनी माझ्याकडे एकदा बघितलं. तेव्हापासून वहीत पाण्याचा ग्लास किती भरलाय तेही लिहिते.

आता भाषेचं. प्रॉम्प्टिंग करताना, म्हणजे नटांना संवाद वाचून देताना, मी वाचलं, "मी येणार होते खरं आईनं सोडलं नाही." डायरेक्टर म्हणाले, "काय खरं?" आपल्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे त्यांना कुठून ठाऊक! युनिट हसलं. पुढं दोन वर्षं मी तोंड मिटून पुणेरी बोलत राहिले. शुद्ध मूर्खपणा.

मग एका कन्नड मालिकेचा रिमेक आमच्याकडे आला. संवाद आधी इंग्रजीत नि तिथून मराठीत झालेले. सून दारात येते आणि सासू म्हणते, "ये आई." सगळे बुचकळ्यात. मी मूळ कागद मागवला, तर तिथं होतं 'बाम्मा'. आपल्याकडच्या बाया 'बारव्वा' म्हणतात ना, तसंच. धाकटीलाही मायेनं अम्मा म्हणायचं. "ये गं बाळ" केलं, सीन लागला. त्या संध्याकाळी लेखकांच्या मीटिंगला मला बसायला सांगितलं. शाळेत सक्तीची म्हणून तू ज्या कन्नडवर कुरकुर करतेस ना, ती नीट वाच. सीमेवरचं राजकारण आपल्या घराघरांत आहे, माझ्याही आहे. खरं दोन्ही लिप्या घडाघडा वाचणारं माणूस युनिटात सहसा नसतं.

पैशांचं आईला आधीच सांग. बिल दिल्यावर साधारण नव्वद दिवसांनी चेक येतो, म्हणून चार महिन्यांचा खर्च गाठीला ठेवूनच नीघ. गुरुवारी टीआरपी येतो आणि चांगली चाललेली वाटणारी मालिकाही गुंडाळली जाते. एका निर्मात्याकडे माझे दोन महिन्यांचे पैसे बुडाले. सगळं तोंडी ठरलेलं, भांडायला कागदच नव्हता. तू मेलवर तरी लिहून घे. ऑडिशनसाठी किंवा 'कलाकारांच्या संघटनेचं कार्ड काढून देतो' म्हणून कुणी आधी पैसे मागितले, तर उठून ये. हॉटेलच्या खोलीत बोलावलं, तर जाऊच नकोस.

आणि आधी मुंबई कशाला? निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. मोरेवाडीच्या चित्रनगरीत पुढच्या महिन्यात आमचं आठ दिवसांचं शेड्यूल आहे, कॉल टाइम सकाळी सातचा. पहाटेची पहिली बस धर. चप्पल नको, बूट घाल, दिवसभर केबलींवरून चालायचंय. वही दोनशे पानी आण.

तुझी,
मावशी