आधी अंतर ठरव, मग कॅमेरा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. साठवलेले पैसे, मनात भरलेला लायका एम९ हा जुना डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा आणि शेवटी "की हप्त्यांवर थेट त्याच मालिकेतला नवा एम११च घेऊ?" हा प्रश्न. सगळं दोनदा वाचलं. उत्तर देण्याआधी मला तुलाच एक विचारायचं आहे: तू ज्यांचे फोटो काढतोस ती माणसं तुझ्यापासून किती अंतरावर असतात?

रेंजफाइंडरचं सगळं गणित या अंतरावर उभं आहे, म्हणून विचारतो. यात आपण लेन्समधून बघत नाही. कोपऱ्यातल्या वेगळ्या खिडकीतून बघतो. त्या खिडकीत मधोमध एक छोटा उजळ चौकोन असतो आणि त्यात शेजारच्या दुसऱ्या बारीक खिडकीतून आलेली प्रतिमा दिसते. लेन्सच्या मागच्या कडेला कॅमेऱ्यातली एक चिमुकली चाकी टेकलेली असते. लेन्सवरची फोकसची रिंग फिरवली की ही चाकी पुढेमागे सरकते आणि चौकोनातली प्रतिमा आडवी हलते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर चपखल बसल्या की फोकस झाला. त्यासाठी एखादी उभी रेष शोधायची: दाराची चौकट, शर्टाची पट्टी, नाकाची कड. सवय झाली की बोट आपोआप फिरतं.

आता याच्या मर्यादा बघ. बहुतेक लेन्सवर ०.७ मीटरच्या आत फोकसच होत नाही. ५० मिमीच्या लेन्सपर्यंत काम झकास चालतं (मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळचं आणि अरुंद). ९० ला खिडकीतली, फोटोत काय येणार ते दाखवणारी चौकट इवलीशी होते, १३५ ला तर डोळ्यांची परीक्षाच. पक्षी, क्रिकेट, फुलांवरचे किडे हे तुझे विषय असते तर मी पहिल्याच ओळीत "घेऊ नकोस" लिहिलं असतं. पण तू बाजारात फिरतोस, लोकांशी बोलत बोलत फोटो काढतोस, दोन-चार मीटरवर उभा राहतोस. हा कॅमेरा त्याच अंतरासाठी घडलेला आहे. फ्रेमच्या बाहेरून कोण आत येतंय ते खिडकीत आधीच दिसतं आणि शटर पडताना डोळ्यांपुढे अंधार होत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही तास आधी, फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीत गांधीजींना भेटला होता. नंतर अंत्ययात्रेतली गर्दी त्याने टिपली ती छोट्या लायकावर. आयुष्यभर त्याचा भर मुख्यतः ५० मिमीच्या एकाच लेन्सवर राहिला. त्याच्यासारखे फोटो काढ असं मी म्हणत नाही. एका लेन्सवर किती काम होतं, एवढंच त्यातून घे.

म्हणून पैशाची वाटणी करताना आधी लेन्सचा विचार कर. लायकाचं एम माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची खाच, १९५४ मध्ये आलं आणि तेच आजही चालू आहे. त्या काळातल्या बहुतेक लेन्स आजच्या एम११ वर बसतात. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, पाच-सात वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स तुझ्याकडे पंचवीस वर्षं राहील. तुझ्यासाठी मी ३५ मिमी सुचवेन. लायकाची स्वतःची सुमिक्रॉन लेन्स परवडणार नाही आणि तिची गरजही नाही. जपानची कोसिना कंपनी फोख्टलेंडर नावाने ज्या लेन्स बनवते, त्यातली ३५ मिमी एफ/२ अल्ट्रॉन छोटी, धारदार आणि माझ्या मते या किमतीतली सर्वांत शहाणी खरेदी आहे. ३५ ला एफ/८ ठेवून (एफचा आकडा जितका मोठा, तितकं प्रकाश येण्याचं भोक लहान) अंतर ३ मीटरवर लावलंस, तर साधारण दोन ते सात मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग गर्दीत चौकोनाकडे बघायचीही गरज नाही. कॅमेरा उचलला की फोटो.

चष्म्याचा मुद्दा तू लिहिला नाहीस, पण तो महत्त्वाचा आहे. चष्मा लावून लायका एमच्या खिडकीत २८ मिमीची चौकट एका नजरेत मावत नाही, डोळा इकडेतिकडे फिरवावा लागतो. ३५ ची बहुतेकांना दिसते, ५० ची आरामात दिसते. खिडकीवर फिरवून बसवायची नंबराची काच मिळते, पण मग प्रत्येक वेळी चष्मा काढावा लागतो. हे सगळं तुला जमतंय का ते बघायला आधी एखादा याशिका इलेक्ट्रो ३५ हा जुना, फिल्मचा रेंजफाइंडर शोध. भारतात तो कुणा ना कुणाच्या काकांच्या कपाटात असतोच. रोल घालू नकोस, सेल नसला तरी चालेल, नुसता डोळ्याला लाव आणि घरातल्या घरात आठवडाभर फोकस करत राहा. उजळ चौकोन थोडा मंद असेल, पण कल्पना येईल. कंटाळा आला तर मोठा खर्च वाचला.

आता बॉडी. या प्रकारातला पहिला डिजिटल कॅमेरा लायकाचा नव्हता, एप्सनचा होता: २००४ चा आर-डी१. सहा मेगापिक्सेल आणि शटर भरायला फिल्मच्या कॅमेऱ्यासारखा खटका. सुंदर वस्तू आहे, पण आता ती संग्राहकांसाठी ठीक. २००६ चा एम८ स्वस्तात मिळतो, तोही सोड. त्याचा सेन्सर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चकती) डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश फार पकडतो, त्यामुळे काळं टेरिकॉटचं कापड जांभळट येतं आणि प्रत्येक लेन्सवर खास फिल्टर चढवावा लागतो. शिवाय सेन्सर लहान असल्याने तुझी ३५ तिथे जवळपास ४७ सारखी वागते.

एम९ बद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तुझा जीव त्याच्यावर आहे. २००९ चा हा पहिला फुलफ्रेम (म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेला) डिजिटल रेंजफाइंडर, १८ मेगापिक्सेल, कोडॅकचा, सीसीडी या जुन्या प्रकारचा सेन्सर. त्याचे रंग लोकांना आवडतात आणि त्या आवडीत तथ्य आहे. पण सेन्सरवरच्या संरक्षक काचेला गंज धरतो. लायकाने काही वर्षं सेन्सर मोफत बदलून दिले, मग ती सवलत बंद झाली आणि पुढे बदलीच्या सेन्सरचा साठाही संपला. आपल्याकडची दमट हवा अशा काचेला मानवणारी नाही. घ्यायचाच असेल तर सेन्सर नव्या प्रकारचा बसवल्याचा लेखी पुरावा माग. पुरावा नसेल तर भाव कितीही उतरला तरी उठून ये. पुरावा असला तरी एफ/१६ वर, फोकस पूर्ण बिघडवून, कोऱ्या आकाशाचा फोटो काढ आणि मोठा करून बघ. नुसता काळा ठिपका म्हणजे धूळ, ती पुसता येते. ठिपक्याभोवती उजळ कडं दिसलं तर तो गंज.

माझं मत विचारशील तर एम टाइप २४० घे. २०१२ मध्ये जाहीर झाला, पुढच्या वर्षी बाजारात आला. २४ मेगापिक्सेलचा, सीमॉस या नव्या प्रकारचा सेन्सर, बॅटरी दणकट. जाड आहे, वजनदार आहे, म्हणून लोक त्याला नावं ठेवतात आणि म्हणूनच तो सेकंडहँडमध्ये आवाक्यात येतो. त्याचा धाकटा भाऊ टाइप २६२ हलका आहे, पण त्यात लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर थेट दृश्य, नाही. तुला लाइव्ह व्ह्यू हवा, कारण चौकोनात लावलेला फोकस सेन्सरवर खरंच बरोबर पडतोय का हे पडद्यावर मोठं करून लगेच ताडून बघता येतं. कॅमेरा आपटला, धक्का बसला की रेंजफाइंडर सरकतो आणि महिनोन्महिने फोटो किंचित धूसर येत राहतात, कारण कळत नाही.

२०१७ चा एम१० खरोखर सरस आहे: सडपातळ, खिडकी मोठी, अंधारात बरा. पण त्यासाठी लेन्समध्ये तडजोड करावी लागत असेल तर करू नकोस. एम११ चे ६० मेगापिक्सेल तुझ्या बाजारातल्या फोटोंना काही देणार नाहीत. २०२२ मध्ये तो आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ८,९९५ डॉलर होती, तीही लेन्सशिवाय. हप्ते फेडायला तू लग्नाची कामं वाढवशील आणि रविवारी बाजारात जाणं बंद होईल. मला ते नको आहे.

फुजीचा एक्स१०० दिसतो तसाच, पण तो रेंजफाइंडर नव्हे. ऑटोफोकस आहे, लेन्स कायमची जोडलेली आहे आणि दृश्य ३५ मिमीचंच देतो. तरीही याशिकाच्या आठवड्यानंतर हाताने फोकस करणं जाचक वाटलं, तर निःसंकोच तो घे. कुठल्याही अर्थाने तो दुय्यम नाही.

मुंबईत फोर्टला बोरा बाजारच्या बाजूला जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे वस्तू हातात घेऊन बघता येते. परदेशातून मागवलास तर सीमाशुल्क धरून हिशोब कर, नाहीतर स्वस्त वाटलेला सौदा महागात पडतो. दुकानात दोन गोष्टी बघ. लेन्स अनंतावर, म्हणजे सर्वांत लांबच्या फोकसच्या खुणेवर, फिरवून लांबच्या मोबाइल टॉवरकडे रोख. चौकोनातली प्रतिमा तंतोतंत जुळली पाहिजे, आडवीही आणि उभीही. उभी वरखाली असेल तर दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करायला सांग. मग लेन्सचं भोक पूर्ण उघडून मागून टॉर्च मार. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, हात लावू नकोस. लेन्स आणि बॉडीच्या सांध्यावर रबरी सील नसतं, म्हणून पावसात छत्री आणि घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल, हे खर्चात आत्ताच धर. आठवड्याला एकदा डबा उघडून जेलचा रंग बघत जा.

कॅमेरा नक्की केलास की पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून आकाशाचा तो फोटो आणि बॉडीच्या तळाचे, माउंटचे फोटो मागवून मला पाठव. मी बघून त्याच दिवशी कळवतो.

तुझा,
काका