परसबाग: टोमॅटो की वांगी ते नंतर, आधी नकाशा बघा

मॅडम, तुमचा प्रश्न होता की पाचवीच्या मुलांना घेऊन शाळेमागच्या दोन गुंठ्यांत टोमॅटो लावू की वांगी. पण मी अडकलो शेवटच्या ओळीवर. "मुख्याध्यापक हो म्हणालेत, कागदाचं नंतर बघू." हेच वाक्य २०१८ च्या जूनमध्ये मी म्हणालो होतो. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

वाफे कसे करायचे, शेणखत किती, हे तुम्हाला कोणीही सांगेल. गावातल्या आज्या तर न विचारता सांगतील.

आमची शाळा दुष्काळी पट्ट्यातली, दोनशिक्षकी. मागे दीड गुंठा पडीक जागा. पंधरा दिवस पोरांनी नुसते दगड वेचले. एका पालकानं दोन ट्रॉल्या शेणखत टाकलं. पहिल्या पावसाळ्यात गवार, भेंडी, चवळी. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा. खिचडीत आमचीच भाजी पडू लागली. ज्या कार्यालयाचं मी नाव घेणार नाही, तिथले साहेब भेटीला आले, ताटात दोनदा भाजी वाढून घेतली आणि "छान उपक्रम, चालू ठेवा" असा शेराही भेटीच्या वहीत लिहून गेले.

जानेवारीत प्रार्थना संपते न संपते तोच जेसीबी आला. नवीन वर्गखोली मंजूर होती आणि तिची आखणी बरोब्बर आमच्या वाफ्यांवर होती. मंजुरी आम्ही पहिला दगड उचलायच्याही आधीची! म्हणजे साहेब भाजी खात होते तेव्हा तो कागद त्यांच्याच कपाटात होता. दुसरीतली एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, आधी मुळे उपटून घेऊ का?" जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं आणि खाली उतरून बिडी ओढत अर्धा तास थांबला. त्या सगळ्या प्रकरणात माणसासारखा वागला तो एकटाच.

मग माझे हेलपाटे. पहिल्यांदा साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा अर्ज आवकला द्या म्हणाले. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं की नकाशात ती जागा मोकळी दाखवली आहे, बागेची नोंदच नाही. खोली दहा फूट पलीकडे सरकवता आली असती, तिकडे नुसती बाभळ होती. महिन्याभरानं त्याच कार्यालयाचा निरोप आला: परसबाग स्पर्धेसाठी सायंकाळी पाचच्या आत फोटो पाठवा, ठिकाणाच्या नोंदीसह. मी खड्ड्याचा फोटो पाठवला. उत्तर नाही. काम पायापर्यंत येऊन रखडलं, पावसाळ्यात तिथं पाणी साचलं, आणि बेडकाचा धडा मात्र पोरांनी त्या खड्ड्याच्या काठावर शिकला. असो.

चूक माझीच होती. मी नकाशा मागितला नाही. परवानगी म्हणजे कोणीतरी मान डोलावणं, असं धरून चाललो. तुम्ही कुदळ मारायच्या आधी दोन गोष्टी करा. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, त्यात जागेची लांबीरुंदी आणि दिशा लिहा. आणि "या आवारात मंजूर किंवा प्रस्तावित बांधकामाची आखणी कुठे आहे" असं लेखी विचारून पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सूचनांपासून पोषण परसबाग हा उपक्रम सरकारच्याच कागदावर आहे, त्याचा उल्लेख अर्जात करा. निदान "हे तुमचं खासगी काम" असं तरी कोणी म्हणणार नाही. मी वकील नाही, आणि संस्थेच्या अनुदानित शाळेत जागेचं गणित वेगळं असतं. तिथलं तिथे विचारा.

दुसरं माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या. बाग शाळेच्या वेळापत्रकानं चालवा, शेताच्या नाही. मे महिन्यात शाळेत चिटपाखरू नसतं, टाकी कोरडी. मार्चअखेर वाफे रिकामे करा, पालापाचोळ्यानं झाका आणि सुखानं सुट्टीवर जा. शिपायाच्या भरवशावर वांगी जगवायच्या नादात आमच्या ओळखीच्या एका शाळेत भांडणं झाली. बारमाही काही हवंच असेल तर हात धुण्याच्या नळाच्या सांडपाण्यावर केळ आणि कुंपणाकडेला शेवगा. साबणाचं पाणी मेथी-पालकाला मात्र नको.

आणि बागकाम शिक्षा म्हणून देऊ नका. "पाढे आले नाहीत, जा पाणी घाल" असं एकदा झालं की बाग संपली. आमच्याकडे एक आजोबा भांडायला आले होते, "राबायला शेत काय कमी आहे घरी?" त्यांचं चुकलं नव्हतं. घरी नसलेलं काहीतरी शाळेत मिळालं पाहिजे. गांधीजींच्या १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेपासून आपण कामातून शिक्षण म्हणतोय, पण काम राहतं आणि शिक्षण गळतं.

म्हणजे काय, तर चवळी फुलावर आली की एक रोप मातीसकट हलक्या हातानं काढा. मुळांवरच्या गाठी नखानं फोडायला सांगा. आतून गुलाबी निघाली तर जिवाणू हवेतला नत्र धरतायत. शेतकऱ्याच्या पोरांनीही हे पाहिलेलं नसतं, ती घरी जाऊन वडिलांना दाखवतात. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर मारू नका, ती पुढे हिरवी होते आणि तिचं फुलपाखरू होतं. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला की लगेच फवारणीही नको. आठवडाभर रोज मोजायला लावा, बहुतेकदा मावा खाणारे ढालकिडे येतात आणि अन्नसाखळीचा धडा फळ्याशिवाय होतो. नाहीच आवरला तर पाच टक्के निंबोळी अर्क. त्यासाठी निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला पोरांकडूनच वेचून सावलीत वाळवून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत.

आता तुमचा मूळ प्रश्न. पहिल्या वर्षी दोन्ही नको. वांग्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी शिरते, टोमॅटोला आधार आणि नियमित पाणी लागतं, आणि पोरांचा हिरमोड होतो. गवार लावा, पाण्याची ओढ सोसते. हिवाळ्यात मेथी, महिन्याभरात ताटात येते. मुळ्याची दोन झाडं उपटू नका, फुलू द्या. मुळ्याला फूल आणि शेंग येते हे आमच्या निम्म्या वर्गाला ठाऊक नव्हतं.

गावठी गवारीचं बी माझ्याकडे आहे, त्याच बागेतलं. व्यक्तिगत निरोपात शाळेचा पत्ता टाका, पाकीट पाठवतो. पण नकाशा बघितल्यावर.