पावसाळ्यात सारखी करटं उठतायत, आयुर्वेदात काही उपाय आहे का?

तुम्ही लिहिलंय की जूनपासून काखेत नि मांडीवर चौथं करट, दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला तरी परत येतंय. आधी शुगर तपासून घ्या, खरंच, कारण सारखी करटं येणाऱ्यात कधीकधी डायबेटिस निघतो. दुसरं म्हणजे करटं उठवणारे जंतू (स्टॅफ) नाकात मुक्काम करतात नि घरात टॉवेलवरनं एकमेकांना लागतात, त्यामुळे प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. आणि आपल्याकडे कोकणात पावसात कपडे वाळतच नाहीत, दमट बनियन तसंच अंगात चढवतो आपण, तसं नका करू, इस्त्री फिरवा.

आयुर्वेदात खैराला त्वचारोगावर फार मान, आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार चरक, त्यानं कुष्ठघ्नात, म्हणजे त्वचारोग घालवणाऱ्या औषधांत, खदिर (खैरच) श्रेष्ठ म्हटलंय, आणि खैर तर आपल्या चिपळूणकडे काताचा! वैद्य बहुधा खदिरारिष्ट (खैराचं आंबवलेलं पातळ औषध), मंजिष्ठा, सारिवा या वनस्पती देतात, कधी जळवा लावतात. आमच्याकडे आई त्रिफळ्याचा काढा उकळून, गाळून, कोमट झाला की त्यानं जागा धुवायची, मग कोरडी टिपून घ्यायची, खाज नि चिकटपणा कमी वाटायचा. पण पू भरलेल्या करटावर हळदीचा लेप थापू नका, दाबून फोडू तर मुळीच नका. गंधक, पाऱ्याची औषधं मनानं नको, वैद्यालाच विचारा. रात्री दही नि मासे-दूध एकत्र बंद करायला सांगतात ते.

ताप आला, लाली पसरत चालली किंवा नाकाओठाजवळ करट उठलं तर काढा बाजूला ठेवा नि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.