धावताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, ताकदीचे कोणते व्यायाम करावेत?

पणजीत मिरामार ते दोनापावला धावता, दोन महिने वाटीच्या खालच्या टोकाशी दुखतंय, तीन आठवडे विश्रांती घेतलीत आणि पहिल्याच दिवशी पुन्हा जैसे थे. ते तसंच होणार होतं. विश्रांतीने दुखणं शमतं, पण टेंडनची, म्हणजे वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड दोरीची, भार पेलायची ताकदही घटते.

आधी खात्री करा. दुखरी जागा एका बोटाने दाखवता येते आणि उडी मारताना किंवा उतारावर दुखणं वाढतं, तर बहुधा टेंडनच. वाटीभोवती सगळीकडे दुखत असेल तर दुखणं बहुधा वेगळं. गुडघा सुजला, अडकला किंवा ‘कट्’ आवाज होऊन एकाएकी जोर गेला तर व्यायाम राहू द्या, डॉक्टरांना दाखवा.

पहिले एक-दोन आठवडे फक्त धरून ठेवायचा व्यायाम. बाल्कनीच्या भक्कम खांबाला न ताणणारा जाड पट्टा बांधून तो दोन्ही गुडघ्यांच्या मागून घ्या. खांबाकडे तोंड करून, पट्टा ताणला जाईपर्यंत मागे सरका आणि खुर्चीत बसल्यासारखे खाली जा. नडगी उभीच हवी, गुडघे बोटांपुढे गेले की पट्टा ढिला आहे असं समजा. 45 सेकंद धरा, 2 मिनिटं थांबा, असं 5 वेळा. रोज चालेल.

मग खरं काम, म्हणजे जड आणि सावकाश. जिममध्ये लेग प्रेस (पायांनी वजन ढकलणं) आणि लेग एक्स्टेन्शन (बसून गुडघा सरळ करत वजन उचलणं), आठवड्यातून 3 दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. 3 सेकंदांत वर, 3 सेकंदांत खाली, 4 सेट. सुरुवातीला जेमतेम 15 वेळा उचलता येईल इतकं वजन, मग दर दोन-तीन आठवड्यांनी वजन वाढवत 12, 10, 8 आणि शेवटी 6. याला 12 आठवडे लागतात. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: महिन्याभरात बरं वाटलं की वजन वाढवणं बंद. हलक्या वजनाने शंभर वेळा पाय हलवण्यात टेंडनला काही मिळत नाही. सोबत मांडीवर वजन ठेवून बसल्या बसल्या टाचा उचला. धावताना पोटरीवरही मोठा भार येतो.

दुखणं 10 पैकी 3 पर्यंत चालेल, पण निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचा. एका पायावर अर्धं खाली बसा. कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर आधीचा भार जास्त झाला, पुढच्या वेळी कमी करा.

धावणं पूर्ण बंद नको. सपाट रस्त्यावर, वरच्याच नियमात बसेल तेवढंच. आल्तिनो टेकडीची उतरण सध्या टाळा, उतारावर शरीराला ब्रेक लावायचं काम मांडीचा पुढचा स्नायू करतो आणि तो ताण थेट याच टेंडनवर येतो. ओल्या वाळूवर धावायचं तर किनाऱ्याचा तिरकेपणा लक्षात घ्या. जाऊन परत त्याच वाटेने या, म्हणजे एकाच पायावर भार राहणार नाही. उड्या आणि वेगाने धावायचे छोटे टप्पे शेवटी, तेही सावकाश वाढवत.

टेंडनमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर घाई करू नका. आराम लवकर पडतो, टिकत मात्र नाही.