आन्सर ‘ऑफ’ की आन्सर ‘टू’?

एका वाचकाने विचारलंय: ‘आन्सर ऑफ द क्वेश्चन’ बरोबर की ‘आन्सर टू द क्वेश्चन’?

‘टू’. पण हे ‘ऑफ’ रोज इतक्यांदा कानावर आदळतं की एवढ्यावर सोडवत नाही. चुकीचं मूळ उघड आहे. आपण ‘प्रश्नाचं उत्तर’ म्हणतो, आणि चा-ची-चे दिसलं की ‘ऑफ’ डकवायचं असं शाळेत घोकून घेतलेलं असतं. अहो, ‘प्रश्नाला उत्तर दिलं’ हेही आपणच म्हणतो ना? मग तो ‘ला’ धरा की! ‘ऑफ’ लागतं ते उत्तर देणाऱ्याला: ‘द आन्सर ऑफ द विटनेस’, साक्षीदाराचं उत्तर.

आता खरी गंमत. जुन्या इंग्रजीत ‘आन्सर’ हा शब्द होता ‘अंडस्वारू’. त्यातलं ‘अंड’ म्हणजे विरुद्ध, समोर. ग्रीक ‘अँटी’चं भावंड. ‘स्वारू’ हे ‘स्वेअर’च्या, म्हणजे शपथ घेण्याच्या गोतातलं. कुणी आळ घेतला की समोर उभं राहून शपथेवर तो खोडायचा, तो ‘आन्सर’. समोर आरोप नसेल तर आन्सर कसला? माझ्या मते ‘टू’ची ओढ तिथूनच आहे. अमेरिकेतल्या दिवाणी दाव्यांत प्रतिवादीच्या लेखी कैफियतीला आजही ‘आन्सर’च म्हणतात.

आणि आपल्याकडे? धर्मशास्त्रात दाव्याचे चार पाद, म्हणजे टप्पे, सांगितलेत: भाषा (फिर्याद), उत्तर, क्रिया (पुरावा), साध्यसिद्धी (निकाल). दुसरा पाद पाहा. वादीने ‘भाषा’ मांडायची, प्रतिवादीने ‘उत्तर’ द्यायचं! ‘उत्तर’ची घडण मात्र निराळी, ‘उद्’ला ‘तर’ लागून झालेला शब्द, अर्थ अधिक वरचा, नंतरचा. दिशा आणि जबाब एकाच शब्दात नांदतात ते त्यामुळे. ‘जबाब’ अरबी, पण त्याला ‘दार’ लावून आपण केलेला ‘जबाबदार’ आणि इंग्रजी ‘आन्सरेबल’ शेजारी ठेवून पाहा. आळ, जबाब, जबाबदारी: दोन्हीकडे वाट तीच.

‘स्वेअर’ आणि संस्कृत ‘स्वर’ एकाच धातूचे, असंही मी मानतो. काही कोशकार यावर नाक मुरडतात. मुरडोत. ‘स्वरति’ म्हणजे आवाज करतो, आणि मनातल्या मनात घेतलेली शपथ कुठल्या न्यायसभेत चालली असती?

हो, गणितातलं ‘सोल्यूशन ऑफ ॲन इक्वेशन’ शुद्ध आहे. ते माझ्या तोंडावर फेकू नका. ‘सोल्यूशन’ लॅटिन घराण्यातलं, त्याचा या भाऊबंदकीशी संबंध नाही.