पेगी आंटी आणि रीटा, नाव एकच कसं काय?

प्रश्न: सात रस्त्याजवळ आमच्या गल्लीत मार्गारेट आंटी राहतात, घरात सगळे त्यांना पेगी म्हणतात आणि मुलीचं नाव रीटा. परवा म्हणल्या, आम्हा मायलेकींचं नाव एकच आहे. मला तर काय टोटलच लागेना. सांगा की जरा. – एक वाचक, सोलापूर

उत्तर: आंटींचं बरोबर आहे ओ. मूळ ग्रीक शब्द मार्गारितेस, म्हणजे मोती, आता हा पण ग्रीकांनी पूर्वेकडनं, इराणी भाषांमधनं उचलला असं बरेच अभ्यासक मानतात, फारसीत आजही मोत्याला मरवारीद म्हणतात, दोन्ही एकदा मोठ्यानं म्हणून बघा म्हणजे कळेल. आपल्याकडं संस्कृतात मुक्ता म्हणजे मोती, तर आंटी अर्थानं मुक्ताबाईच झाल्या की!

लॅटिनमधे मार्गारिता, इटलीत मार्गेरिता, त्याची नुसती शेपटी उरली ती रीटा. इटलीच्या संत रीटांचं पाळण्यातलं नाव पण मार्गेरिताच होतं. जर्मनांनी पुढचं अक्षर खाल्लं आणि ग्रेटा केलं. फ्रेंचांची मार्गरीत तर डेझीच्या फुलाचं पण नाव आहे, म्हणून इंग्रजांकडं मार्गारेटला लाडानं डेझी म्हणायची पद्धत पडली.

राहिली पेगी. मार्गारेटचं मेग, मेगचं मेगी आणि मग नुसतं यमक जुळवायचं म्हणून मेगीचं पेगी, जसं मॉलीचं पॉली आणि विलचं बिल. ह्यात लॉजिक शोधू नका, आपल्या घरातली लाडाची नावं तरी कुठं नियमानं पडतात.

युरोपभर हे नाव पसरलं ते अँटिओकच्या संत मार्गारेटमुळं, तिला ड्रॅगननं गिळलं आणि ती त्याचं पोट फोडून सुखरूप बाहेर आली अशी कथा आहे, त्यामुळं बाळंतपणात बायका तिचा धावा करायच्या. आणि गंमत बघा, नाव ग्रीक पण खुद्द ग्रीक चर्चमधे हीच संत मरीना म्हणून ओळखली जाते.

भगिनी निवेदितापण मूळच्या मार्गारेट नोबल बरं का. आणि बेकरीत लोण्याऐवजी वापरतात ते मार्गारिन? ते पण ह्याच खानदानातलं, 1813 मधे शेव्हरल नावाच्या फ्रेंच केमिस्टला चरबीत मोत्यासारखं चकाकणारं काहीतरी दिसलं आणि त्यानं त्याला मार्गारिक ॲसिड नाव दिलं, पुढं त्यावरनंच मार्गारिन. हे मात्र आंटींना सांगायचं का नाही ते तुम्ही ठरवा.